काढलेली सही

आमच्या गावात पाट्या लिहिणारा एकच. गिरणीची पाटी त्याची, दवाखान्याची त्याची, न्हाव्याच्या दुकानावरची त्याची, आणि पाण्याच्या टाकीवरचा 'वर चढू नये' हा हुकूमही त्याचाच. मी शाळेत फार टिकलो नाही. वाचायला शिकलो ते या पाट्यांवरून, दुकानादुकानापुढे उभा राहून. म्हणून सांगतो, त्याच्या हातचं अक्षर वाचावं लागत नसे, ते आपणहून येऊन डोळ्यांत बसे. गावानं त्याचं नाव 'वळणदार' ठेवलं होतं. त्याची बायकोही त्याच्या माघारी त्याला वळणदारच म्हणायची. फक्त ती म्हणायची तेव्हा अर्थ वेगळा व्हायचा.

घाई हा शब्द त्याला माहीत नव्हता. पत्रा घासायचा, पुसायचा, अस्तर द्यायचं, वाळू द्यायचं. मग खडू फासलेली दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, की पत्र्यावर सरळ पांढरी रेघ. त्या रेघेला तो अक्षरं टांगायचा, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. मग रंगाचा पहिला हात. वाळला की दुसरा हात. दुसऱ्या हाताशिवाय त्याची पाटी कधी गिऱ्हाइकाच्या दारी गेली नाही. "एका हाताचं काम," तो म्हणायचा, "म्हणजे तोंड न धुता चारचौघांत जाणं."

आणि प्रत्येक दाराला वेगळं अक्षर. दवाखान्याला बारीक, स्वच्छ. गिरणीला गुबगुबीत, पीठ लागल्यासारखं. न्हाव्याला एका बाजूला भांग पाडल्यासारखं तिरकं. एकच अक्षर दोन दारांवर लावणं त्याला एकच टोपी दोघांना घातल्यासारखं वाटे. सगळ्यांना त्यांचं त्यांचं अक्षर दिलं त्यानं. त्याचं स्वतःचं कोणतं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यालाही कधी सुचलं नाही.

अक्षर त्याला शिकवलं ते अक्कानं, त्याच्या थोरल्या बहिणीनं. ती अकरा वर्षांनी मोठी. पाणी भरून झालं की ओल्या बोटानं धुण्याच्या दगडावर अक्षर काढायची, आणि ते उन्हानं वाळायच्या आत यानं खाली तसंच काढायचं. सगळं जमायचं, फक्त काना जमायचा नाही. याचा काना नेहमी डावीकडे कलायचा. "सरळ काढ रे लहान्या," अक्का हातावर चापट मारायची, "तुझा काना भिंतीला टेकून झोपलाय बघ." मग एक दिवस तिचं लग्न झालं आणि ती नदीपलीकडे गेली. पलीकडे देश दुसरा. पण तेव्हा त्याचं कुणाला काही नव्हतं. काठावर जाऊन नावाड्याला हाक मारली की झालं, दुपारी भाऊ बहिणीच्या ओसरीवर. पुढं नदीवर पूल झाला. पुलाबरोबर फाटक आलं, फाटकाबरोबर पहारा आला, पहाऱ्याबरोबर कागद आला. पूल झाला आणि जाणं अवघड झालं.

आज जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं करता करता एकोणीस वर्षं गेली. मग एका सकाळी अक्काचा फोन आला.

"लहान्या, डॉक्टर म्हणतो डोळ्यांची नस वाळत चालली. तीन-चार महिने उजेड राहील. पुढं नुसत्या सावल्या."

यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "ऑपरेशन?" म्हणाला.

"झालं विचारून. तू ऐक. या घराच्या दारावर आधी सासऱ्यांच्या नावाची पाटी होती. मग घरधन्यांची आली. ते गेले, आता मुलाची आहे. पन्नास वर्षं हा उंबरा मी झाडते. मला माझ्या नावाची एक पाटी पाहिजे."

"देतो पाठवून. उद्या लिहितो."

"पाठवायची असती तर मुलगा छापूनच आणणार होता की. तू ये. माझ्यासमोर लिही. आणि मला दिसतंय तोवर लिही."

ती एवढंच म्हणाली. आयुष्यात तिनं भावाकडे दुसरं काही मागितल्याचं मला तरी माहीत नाही.

पासपोर्ट घरात होता. दोन वर्षांपूर्वी बायकोनं मागं लागून काढायला लावला होता. त्या कचेरीत मोठी रांग होती. खिडकीला दोरीनं बांधलेलं पेन, मागच्याचं कोपर याच्या बरगडीत, आणि खिडकीतला माणूस सारखा "लवकर, लवकर" म्हणत होता. यानं उभ्याउभ्या सही केली आणि बाजूला झाला. पुढं ते पुस्तक घरी आलं तेव्हा सही बघून त्यानं ते झटकन मिटलं.

"ही सही माझी नव्हे," तो म्हणाला.

"फोटो तुमचा आहे," बायको म्हणाली, "मग सही काय शेजाऱ्याची असेल?"

त्यानं पासपोर्ट पेटीच्या तळाशी घातला. पाहुण्यांसमोर तो कधी काढला नाही.

आता व्हिसा काढायचा होता. अक्काच्या मुलानं तिकडून बोलावण्याचं पत्र पाठवलं, तिच्या ओळखपत्राची नक्कल पाठवली. इकडे फॉर्म आणला. फोटो पांढऱ्या भिंतीपुढं काढलेला हवा, असं त्यावर लिहिलं होतं. हा फोटोवाल्याकडं गेला, त्याची भिंत बघितली आणि म्हणाला, "ही पांढरी नव्हे. ही दुधात चहा पडल्यासारखी आहे." फोटोवाला म्हणाला, चालते, सगळ्यांना चालते. याला चालली नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेला, फोटोवाल्याची भिंत रंगवली, वाळल्यावर दुसरा हात दिला आणि तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं बसून फोटो काढला. गावात अजून त्या भिंतीपुढं माणसं आहेत त्याहून उजळ दिसतात.

फॉर्मवर सह्या चार. त्या करायला यानं एक अख्खी दुपार घेतली. पहिलं पान तोंडचं, म्हणून तिथं भारदस्त सही. दुसऱ्या पानावर जागा अरुंद, म्हणून तिथं सडपातळ. तिसऱ्यावर जरा झोकदार. चौथी मनासारखी. आणि शाई वाळल्यावर, सवयीनं, चारही सह्यांना दुसरा हात.

व्हिसाची कचेरी तालुक्याच्या पुढं, एस.टी.नं दोन तास. खिडकी तिसरी. आत एक बाई, नाकावर घसरलेला चष्मा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. तिनं फॉर्म उलटला, सुलटला, पासपोर्ट शेजारी ठेवला.

"काका, कितीजण जाणार आहात?"

"मी एकटाच. मंडळींचे गुडघे दुखतात."

"एकटे? मग या चौघांनी सह्या का केल्यात?"

रांगेत कुणीतरी हसलं. "चारही माझ्याच आहेत," हा म्हणाला. त्याला वाटलं, बाई कौतुक करतेय.

"आणि पासपोर्टावर आहे तो पाचवा?"

"तोही मीच. पण तेव्हा घाई होती मॅडम, ती सही धरू नका."

"आम्ही तीच धरतो. पासपोर्टावर आहे अगदी तशी पाहिजे. आणि एक सांगून ठेवते, तीनदा सही जुळली नाही तर अर्ज बंद होतो. मग सहा महिने नवा घेत नाहीत." तिनं पासपोर्ट परत दिला. "मिळाला म्हणून इथं सही करा." आणि एक जाडजूड रजिस्टर पुढं सरकवलं. यानं तिथल्याही दोरीच्या पेनानं सही केली आणि बाहेर पडला. त्याच्या डोक्यात सहा महिने घुमत होते.

घरी येऊन त्यानं विचार केला. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं उचलली, आता स्वतःचं उचलायला काय लागतं? पासपोर्ट उघडून समोर ठेवला, भिंग घेतलं, पेन्सिलीनं बारीक रेघा आखल्या आणि ती नावडती सही मापानं उतरवली. वर शाई फिरवली, पेन्सिल खोडली. चारही सह्या अशा, की एकीवर दुसरी ठेवली असती तर केस मावला नसता.

या वेळी खिडकीतल्या बाईनं बराच वेळ बघितलं आणि मागं जाऊन साहेबांना बोलावून आणलं. साहेब म्हणजे टक्कल पडलेला, हळू बोलणारा माणूस. त्यानं कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग पालथा करून मागून बोट फिरवलं.

"जुळतेय की," हा म्हणाला.

"फार जुळतेय," साहेब म्हणाला. "काका, ही सही केलेली नाही. काढलेली आहे."

"मग? अक्षर काढतातच."

"अक्षर काढतात, चित्र काढतात. सही करतात. काढलेली सही दुसऱ्याची असते."

"अहो, पण तो दुसरा मीच आहे!"

"असाल. पण मला दिसतंय ते असं, की कुणीतरी बसून तुमची सही चोरलीय."

चाळीस वर्षांत त्याच्या हाताला कुणी असं बोललं नव्हतं. त्यानं पासपोर्ट घेतला, रजिस्टरवर सही केली, आणि एस.टी.त खिडकीकडं तोंड करून बसला.

पुढचे आठ दिवस त्यानं ब्रशला हात लावला नाही. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी घेऊन सह्या करत बसला. सावकाश केली की छान यायची, म्हणजे चुकीची. मुद्दाम वाईट केली की वाईटपणाही नीटनेटका यायचा.

"बिघडवा की जरा," बायको म्हणाली.

"तेच जमत नाही."

"माझ्या माहेरच्यांसमोर बरं जमायचं."

गिरणीवाल्याला जुन्या पाटीवर नवी वेळ लिहून हवी होती. तो रोज दारात येऊन परत जायचा. सातव्या दिवशी यानं अक्काला फोन लावला.

"डोळे कसे आहेत?"

"दाराची चौकट दिसते," अक्का म्हणाली. "चौकटीत कोण उभंय ते आवाजावरून ओळखते. तुझं कुठवर आलं?"

"झालंच आता," हा म्हणाला, आणि फोन ठेवून कॅलेंडराच्या पाठीकडं बघत राहिला.

तिसऱ्या खेपेला बायको बरोबर निघाली. "गुडघे?" यानं विचारलं. "गुडघे घेऊनच येते," ती म्हणाली.

कचेरीत ती बाकावर बसली. हा खिडकीपुढं उभा राहिला. या वेळी सही बाईसमोरच करायची होती. त्यानं घरून आणलेलं पेन काढलं, टोक पुसलं, कागद सरळ केला, परत सरळ केला. ज्या हातानं वीस फूट उंच शिडीवर उभं राहून कधी रेघ हलू दिली नाही, त्या हातानं पेन दोनदा टेकवलं, दोनदा उचललं. पहिली सही झाली. तिच्यात ना घाई होती ना ऐट, नुसती भीती होती. ती पासपोर्टाशी जुळत नाही हे त्याला बाईच्या आधी कळलं.

"नाही हो काका," बाई हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटलं असावं, कारण तिनं 'बंद'चा शिक्का उचलला आणि पुन्हा पॅडवर ठेवला. "आधी पासपोर्ट घ्या. इथं सही करा."

त्यानं दोरीचं पेन उचललं. रजिस्टर तिरकंच होतं, ते त्यानं सरळ केलं नाही. मान बाकाकडं वळवून बायकोला म्हणाला, "ऊठ. साडेबाराची गाडी मिळाली तर बघू." आणि म्हणता म्हणता हात सही करून मोकळा झाला.

बाईनं रजिस्टर ओढून घेतलं. मिटता मिटता थांबली. चष्मा वर केला.

"काका, थांबा. ही सही कुणी केली?"

"कुणी म्हणजे? तुमच्यासमोर तर केली."

तिनं पासपोर्ट त्याच्या हातातून परत घेतला, उघडला, रजिस्टरशेजारी ठेवला. मग भराभर पानं मागं उलटली. गेल्या खेपेचं पान. त्याआधीच्या खेपेचं पान. तीन सह्या, आणि चौथी पासपोर्टावरची. चौघी सख्ख्या बहिणी.

"हा काना बघा," ती म्हणाली. "चारही ठिकाणी डावीकडे कललाय. टेकून उभा राहिल्यासारखा."

यानं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. वाळत चाललेला दगड आणि हातावरची चापट त्याला आठवली असेल.

बायको तोवर गुडघे धरत खिडकीशी आली होती. "मग इतके दिवस फॉर्मवर सह्या कोण करत होतं?"

"पेंटर," बाई म्हणाली.

साहेबांना बोलावलं. साहेबांनी रजिस्टर उजेडात धरलं नाही, मागून बोटही फिरवलं नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाले, "ही केलेली." मग शिक्क्याच्या पॅडकडं बघून म्हणाले, "शिक्का पडलेला नाही ना? मग तिसरी वेळ अजून संपलेली नाही. नवा फॉर्म द्या यांना."

बाईनं फॉर्म रजिस्टरच्या वर ठेवला, तसाच तिरका. घरचं पेन काढून घेतलं, दोरीचं दिलं. "फॉर्मकडं बघत बसू नका काका. काकूंशी बोला."

"काय बोलू?"

"गिरणीवाल्याची वेळ कधी लिहून देणार ते बोला," बायको म्हणाली. "तो रोज येऊन माझं डोकं खातो."

"देतो म्हटलं ना त्याला."

"कधी? गिरणी बंद पडल्यावर?"

"अगं, पत्रा घासून ठेवलाय, अस्तर व्हायचंय, आता काय त्याच्या डोक्यावर लिहू?"

"झालं," बाई म्हणाली आणि चौथ्या सहीखालून कागद ओढून घेतला.

परतीच्या गाडीत निम्म्या वाटेवर तो म्हणाला, "म्हणजे माझं खरं अक्षर वाईटच."

"वळणाचं पाणी वळणाला गेलं," बायको म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं, न उघडताच, म्हणाली, "लग्नाआधी तुमची एकच चिठ्ठी आली होती. तीत हेच अक्षर होतं. मी हो म्हटलं की नाही?"

बाराव्या दिवशी व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट घरी आला. मधल्या दिवसांत गिरणीवाल्याचं काम झालं. मग हा निघाला. बरोबर ब्रशांची पेटी, खडूची दोरी, आणि कागदाची गुंडाळी. तिच्यात अक्काच्या पाटीचे आठ नमुने होते. कुठं वेल, कुठं दुहेरी सावली, कुठं सोनेरी कड. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पेटी उघडून बघितली, पासपोर्ट बघितला, जाऊ दिलं. जी नदी ओलांडायला लहानपणी दहा हाका लागायच्या, ती गाडीनं एका जांभईत ओलांडली.

अक्का दाराच्या आतच खुर्ची टाकून बसली होती. चौकटीत कुणी उभं राहिलं तशी म्हणाली, "कोण?"

"लहान्या."

"आवाज म्हातारा झालाय तुझा," ती म्हणाली, आणि हात पुढं करून त्याचा चेहरा चाचपला.

मुलानं फळी तयार ठेवली होती, पांढरं अस्तर दिलेली, वाळलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन समोरून येत होतं तेव्हा, फळी अंगणात मांडली. अक्काची खुर्ची तिच्यापासून हातभर अंतरावर. यानं नमुन्यांची गुंडाळी सोडली, दोरीला निळा खडू फासायला घेतला.

"ते काय करतोस?"

"रेघ मारतोय. अक्षरं टांगायला."

"मी शिकवलं तेव्हा होती का दोरी?"

त्यानं दोरी गुंडाळून पेटीत टाकली. नमुनेही बाजूला ठेवले, कारण ते बारीक होते आणि तिला दिसले नसते. काळा रंग घेतला, सगळ्यांत जाड ब्रश घेतला. अक्का विचारत राहिली: गावात कोण गेलं, कोण आहे, नावाड्याची पोरं आता काय करतात, धुण्याचा दगड अजून तिथंच आहे का. हा सांगत राहिला. दगड आहे, त्याला मधे चीर गेली. नावाड्याच्या पोरानं गाडी घेतली. सांगता सांगता चार अक्षरांचं नाव लिहून झालं. बोलण्याच्या नादात मध्ये थांबून मागं सरून बघायचंही राहिलं.

अक्का उठली. फळीच्या इतकी जवळ गेली की नाकाच्या शेंड्याला रंग लागला. मग जरा मागं सरली आणि हवेत बोट फिरवत एकेक अक्षर वाचत गेली, दगडावर वाचायची तशी. तिसऱ्या अक्षराशी बोट थांबलं.

"लहान्या," ती म्हणाली, "काना अजून टेकूनच झोपतो रे तुझा!"

यानं बघितलं. खरंच झोपला होता. त्याचा हात आपोआप चिंधीकडं गेला. पुसून सरळ करावा, मग दुसऱ्या हातात सगळं बसेल.

"राहू दे," अक्का म्हणाली. "दिसला मला."

त्यानं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि तिच्या नाकावरचा काळा ठिपका पुसायला लागला.

"हळू रे, चरचरतं," ती म्हणाली, आणि त्याच्या हातावर एक चापट मारली.